मदत हवी आहे : पार्टिंग टूल (बार कापून वेगळा करायचं हत्यार) सेंटरला, म्हणजे बारच्या मध्याच्या उंचीला आहे, तरी थरथरतंय

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, बेल्टवरचा जुना लेथ आहे. ४० मिमीचा ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) बार कापायचा असतो. पार्टिंगचं पातं एचएसएसचं (हाय स्पीड स्टील), ३ मिमी रुंद.

उंची टेलस्टॉकच्या (लेथच्या उजव्या टोकाचा आधार) डेड सेंटरला (त्यातली न फिरणारी टोकदार पिन) टोक भिडवून घेतो. जॉब (कापायचा बार) आणि टूलमध्ये स्टीलची पट्टी अलगद दाबूनही बघतो. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली. पट्टी उभी राहते. त्याच उंचीवर फेसिंग मारलं (बारचं तोंड सपाट केलं) तर मधोमध टेंगूळ राहत नाही, म्हणजे सेंटर बरोबर असणार.

तरीही चर अर्ध्यात गेला की पातं कर्रर्र ओरडतं आणि चराच्या भिंतीवर लाटा उठतात. होल्डरची खाच तिरकी आहे. पातं पुढे सरकवलं की टोक वर चढतं, मग पॅकिंगच्या पत्र्या काढून परत उंची जुळवावी लागते. माझा संशय तिथेच आहे.

जाणकारांनी सांगा : पुढचा क्लिअरन्स (पातं जॉबला घासू नये म्हणून धारेखाली दिलेला उतार) सात-आठ अंश ठेवलाय, तो ठीक आहे का? वरून रेक (धारेमागचा उतार) द्यावा की सपाट ठेवावं? की आधी क्रॉस स्लाइडची (टूल आडवं सरकवणारा भाग) गिब (ढिलाई काढायची पट्टी) आवळून बघू? पोरं शिकतायत, त्यांना चुकीचं शिकवायचं नाही.