विषय: 1972 सालची एमजीबी घ्यावी का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका विक्रेत्याकडे 1972 सालची, उघड्या टपाची लाल एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पाहिली. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले, रंगही नुकताच दिलेला आहे, आणि विक्रेता शनिवारपर्यंत उत्तर मागतो आहे. आपल्यापैकी कुणी अशी गाडी सांभाळत असल्यास घेण्यापूर्वी काय पाहावे, हे कृपया कळवावे.

– लेस्टरची एक सभासद

ताई, नमस्कार.

1962 ते 1980 या काळात जिथे एमजीबीची जुळणी होत होती, त्या ॲबिंग्डनजवळच मी राहतो आणि बरीच वर्षे अशीच एक गाडी सांभाळतो आहे, म्हणून मनापासून सांगतो: इंजिनावर आणि रंगावर जाऊ नका, पत्रा पाहा. या गाडीला वेगळी चौकट नाही, सांगाडाच सगळा भार पेलतो. आणि वर छप्पर नसल्यामुळे उघड्या गाडीत तो भार मुख्यतः सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब पत्र्याच्या पट्टीवर, येतो. सिल अनेक थरांची असते, बाहेरून मात्र एकच थर दिसतो. माझ्या पहिल्या गाडीच्या गंजलेल्या सिलवर कुणीतरी नवा पत्रा वेल्ड करून वर सुंदर रंग दिला होता. दुसऱ्या हिवाळ्यात, रस्त्यावरच्या मिठाने आतला उरलासुरला पत्राही खाल्ल्यावर, दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीपेक्षा अधिक झाला. तो धक्का तुम्हाला बसू नये असे फार वाटते.

दार आणि मागचा मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते पाहा. वर ती अरुंद होत असेल तर गाडी मध्ये बसली आहे असे समजा. मग गाडी जॅकवर उचलून दार उघडा-मिटा. ते अडकू लागले तर सांगाडा वाकतो आहे, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. लोहचुंबक कापडात गुंडाळून सिलवर आणि मडगार्डच्या खालच्या कडेवर फिरवा, म्हणजे पुट्टी कुठे भरली आहे ते कळेल. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांच्या खालची जागा ॲसिडने हमखास गंजते, तिथेही टॉर्च मारा.

1798 सीसीच्या इंजिनाचे मला फारसे भय वाटत नाही, कारण त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. गरम झालेल्या इंजिनावर धावताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला 50 पौंडांच्या आसपास राहिला, तर पुष्कळ झाले.

– ॲबिंग्डनजवळचा एक सभासद

काका, मनःपूर्वक आभार. पेट्रोल, कर आणि नेहमीच्या देखभालीचे काय?

ताई, सप्टेंबर 2021 पासून इथले साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे असते आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. म्हणून ई5 प्रतीचे (पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले) महाग पेट्रोलच भरा आणि नळ्या पहिल्याच महिन्यात बदलून घ्या. शिसेयुक्त पेट्रोल 1999 च्या अखेरीस बंद झाले आणि व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटना शिशाचे मिळणारे संरक्षण गेले, त्यामुळे इंजिनाच्या हेडमध्ये कठीण केलेल्या व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हे अवश्य विचारा. नसल्यास पेट्रोलमध्ये मिसळायचे द्रावण मिळते. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला रस्ता-कर पडत नाही, परंतु ही सूट आपोआप लागू होत नाही, डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे ऐतिहासिक वर्गासाठी अर्ज करावा लागतो. मोठे फेरफार नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. तरीही मी ती दरवर्षी करून घेतो, कारण ब्रेकच्या नळ्यांकडे दुसऱ्या जाणत्याची नजर गेलेली बरी. देखभालीत पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना दर 3,000 मैलांनी ग्रीस देणे आणि एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधले (वरच्या नळकांड्यातले) तेल पाहणे, ही दोन कामे कधी चुकवू नका.

शुक्रवारी दुपारी मी मोकळा आहे. विक्रेत्याला वेळ विचारून कळवा. जॅक आणि टॉर्च घेऊन मी स्वतः लेस्टरला येतो.