जज साहेबांना शाळेत बोलवायचंय, पण मुलं बोलतील असं काय करावं?

शिक्षक_बीड
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका खेड्यात नववी-दहावीला शिकवतो, वर्गातली निम्मी लेकरं ऊसतोड कामगारांची. गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन म्हणून कायदेविषयक शिबिर झालं. तालुक्याहून वकील आले, जज साहेब आले, दोघंही मनापासून बोलले, पण प्रास्ताविक आणि सत्कारातच बराच वेळ गेला आणि मग कलमांवर कलमं, मुलं मान खाली घालून बसलेली. "कुणाला काही विचारायचंय का" म्हटलं तर एक हात वर नाही. नंतर हजेरी बघताना कळलं की एका मुलीचं लग्न दसऱ्याआधीच उरकलेलं आणि ती शिबिराच्या दिवशी कारखान्यावर होती. हे मला अजून टोचतंय. यंदा नीट करायचंय, अर्ज कुणाकडे द्यायचा, पैसे लागतात का, आणि मुलांना बोलतं कसं करायचं?

पॅनलवकील
सर, अर्ज तालुका विधी सेवा समितीच्या नावाने करा आणि कोर्टातच नेऊन द्या. तालुक्यातले सगळ्यात सीनियर जज हेच समितीचे अध्यक्ष असतात. शाळेला एक रुपया लागत नाही, १९८७ च्या कायद्यानेच ही जबाबदारी विधी सेवेवर (म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेवर) टाकलीय. पण ९ नोव्हेंबरची वाट बघू नका हो! तुमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला हलतात, म्हणजे कार्यक्रम गणपतीच्या आधीच व्हायला पाहिजे. आणि येणाऱ्या वकिलाला आधी बसवून सांगा की तिकडे लग्न लवकर का लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता (म्हणजे मजुरांची एक जोडी) धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, आणि वयात आलेली पोरगी सहा महिने मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती. हे माहीत नसलं की आम्ही लोक "मुलगी १८, मुलगा २१" एवढं सांगून गाडीत बसतो, मी स्वतः पहिली दोन वर्षं हेच केलंय आणि त्याचं वाईट वाटतं.

पीएलव्ही_ताई
सर, मी विधी सेवेची स्वयंसेविका आहे, चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. आठवडाभर आधी, नाव लिहायचं नाही, आणि चिठ्ठ्या शिक्षकांनी वाचायच्या नाहीत, थेट जजकडे द्यायच्या. एका शाळेत आम्ही हे केलं तर ढीगभर चिठ्ठ्या आल्या. बहुतेक गाडीच्या आणि मोबाईलच्या, दादाची बाईक चालवली तर कुणाला धरतात वगैरे (वडिलांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे ऐकून मागची सगळी पोरं गप्प झाली). पण एक चिठ्ठी होती, "माझं लग्न ठरलंय, मी फोन केला तर पप्पा जेलमध्ये जातील का". जज मॅडमनी ती वाचली आणि ठरलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हणाल्या, लग्न लागायच्या आधी कळवलं तर कोर्ट मनाई हुकूम देऊन लग्न थांबवू शकतं, तो मोडून लावलेलं लग्न कायदा लग्नच मानत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे तो लग्न लावणाऱ्यांना, म्हणून वेळेवर केलेला फोन पप्पांना वाचवतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेतला. आपल्या मुलींना बापाची काळजी असते सर, ती भीती गेल्याशिवाय त्या फोन उचलतच नाहीत.

माजी_विद्यार्थिनी
आम्हाला दहावीत कोर्ट दाखवायला नेलेलं. पट्टेवाल्याचा पुकारा, बोर्डावरच्या केसेसची यादी, जामिनाचा युक्तिवाद, सगळं मागच्या बाकावर बसून बघितलं. तोपर्यंत कोर्ट म्हणजे फक्त भांडणाची जागा वाटायची. एक म्हातारी आजी एकटी आली होती आणि तिला सरकारी खर्चाने वकील मिळाला होता, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे मला त्या दिवशी कळलं. आज मी लॉ करतेय. न्यायचंच असेल तर आधी विचारून दिवस ठरवा, पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसेस बंद दाराआड चालतात, आणि चालू केसबद्दल जजना काही विचारायचं नाही हे मुलांना आधीच सांगा.

मराठवाडा_७२
सगळं मान्य, पण लग्न थांबलं तर पोरगी राहणार कुठं? आईबाप टोळीबरोबर जाणारच. त्याच कार्यक्रमाला ग्रामसेवक (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात) आणि गटशिक्षणाधिकारी पाहिजेत, आणि हंगामी वसतिगृहाच्या (आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं जिथं राहतात त्या) याद्या तिथेच व्हायला पाहिजेत. शाळेने बोलवलं तर अर्धे येत नाहीत, विधी सेवा समितीचं पत्र गेलं की येतात. जज साहेबांची खरी मदत मला इथे दिसते.

शिक्षक_बीड
सगळ्यांचे आभार. सोमवारी कोर्टात जाऊन अर्ज देतो, तारीख ऑगस्टमधली मागतो आणि ग्रामसेवकांना पत्र समितीकडूनच पाठवा अशी विनंती त्यातच लिहितो. ताई, एक विचारायचं होतं, पेटीची किल्ली कुणाकडे ठेवली होती तुम्ही?

पीएलव्ही_ताई
माझ्याकडे. पेटी बंदच कोर्टात नेली, मॅडमनी स्वतः उघडली. मुलींना हे आधी सांगितलं होतं, म्हणून ती चिठ्ठी आली.