मदत हवी आहे: सासूबाईंना बुलस पेम्फिगॉइड (अंगावर पाण्याचे फोड येणारा कातडीचा आजार), स्टेरॉइडच्या गोळ्या की नुसतं मलम?

सासूबाई ८१ वर्षांच्या. जुना मधुमेह, त्यात पार्किन्सन्स. आधी कित्येक महिने नुसती खाज होती. वय झालं की कातडी कोरडी पडतेच म्हणून तेल चोळत राहिलो. मग मांड्यांवर, पोटावर आणि दंडांना टपोरे फोड आले. आत पाणी, आणि बोट लागलं तरी पटकन फुटत नाहीत. तोंडात फोड नाहीत. बायोप्सी झाली, फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा तुकडा इम्युनोफ्लुरोसन्सला (कातडीत साचलेली प्रतिपिंडं दाखवणारी तपासणी) पाठवला आणि निदान पक्कं झालं. (संसर्गजन्य नाही, हे नातेवाइकांना सांगून दमले. कपडे वेगळे धुवा म्हणतात!)

डॉक्टर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, सुरू करू म्हणतात. साखर आधीच हाताबाहेर आहे, हाडंही ठिसूळ. नुसत्या मलमावर भागतं का? कुणाच्या घरी अनुभव आहे?

प्रतिसाद १
त्वचारोग विभागात काम करते, म्हणून लिहिते. आधी मधुमेहाच्या गोळ्यांची नावं बघा. विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन अशी 'ग्लिप्टिन'वाली असेल तर दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्या गोळ्यांमुळे हा आजार उद्भवू शकतो. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका.

मलमाचं म्हणाल तर नक्की विचारा. २००२ साली फ्रान्समधल्या अभ्यासात फोड अंगभर असलेल्या रुग्णांना रोज ४० ग्रॅम क्लोबेटासोल (तीव्र स्टेरॉइड मलम) लावलं. वर्षाअखेर त्यांच्यातले ७६ टक्के हयात होते, तोंडानं स्टेरॉइड घेणाऱ्यांतले ५८. मलमही अंगात शोषलं जातं, तेव्हा साखर तपासणं चालू ठेवा. तिसरा पर्याय डॉक्सिसायक्लिन, हे अँटिबायोटिक. दुसऱ्या एका अभ्यासात त्यावर सहा आठवड्यांत फोड आटोक्यात आले ७४ टक्के लोकांचे, प्रेडनिसोलोनवर ९१, पण वर्षभरातले गंभीर दुष्परिणाम निम्मे, १८ विरुद्ध ३६ टक्के. तुमच्या सासूबाईंचं वय आणि साखर पाहता मी तरी थोडी कमी ताकद पत्करेन.

प्रतिसाद २
आमच्या वडिलांना होतं. मोठा, ठणकणारा फोड नर्सकडून निर्जंतुक सुईनं टोचून घ्या, पाणी जाऊ द्या, पण वरची कातडी सोलू नका, तीच जखम झाकते. चिकटपट्टी थेट अंगाला नको, काढताना साल निघते. न चिकटणारी जाळी ठेवून वर सैल बँडेज. आणि गोळ्या सुरू झाल्याच तर अचानक थांबवायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही विचारून ठेवा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. यादीत विल्डाग्लिप्टिन आहे! उद्याच मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करते. एक अडचण राहते: त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, कूस बदलताना फोड घासले जातात. पाठीला मलम झोपवून लावायचं की बसवून? आणि हातमोजे घातले तर मलम त्यालाच जास्त लागतं का?