26 आठवडे संपल्यावर बाळ कोणी सांभाळायचे?

मुळाकाठची

परवा ‘जुना पुणेकर’ यांनी येथे लिहिले की, 26 आठवड्यांची भरपगारी रजा, घरात कपडे धुण्याचे यंत्र, गल्लोगल्ली पाळणाघरे आणि एका फोनवर दारात येणारा किराणा एवढे सगळे असूनही आजच्या नोकरदार आयांची रड संपत नाही, आणि ज्यांना दोन वर्षे घरी थांबता येत नाही त्यांनी मूल होऊ देण्यापूर्वीच विचार करावा. या मताला मिळालेली वाहवा वाचून गप्प बसण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही, म्हणून हा धागा.

रजेपासूनच सुरुवात करते. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली आणि त्याचे मोल मला ठाऊक आहे. परंतु त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली असेल तर ते घ्यावेच लागतात. अशा आईच्या हाती बाळंतपणानंतर 18 आठवडे, म्हणजे जेमतेम चार महिने उरतात. सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नका, असे तेच डॉक्टर बजावून सांगतात. मग दूध काढून ठेवणे आले. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळण्याची तरतूद कायद्यात होतीच. तो वेळ कोठे बसून घ्यायचा, एवढेच कोणी पाहिले नाही. हिंजवडीतील माझ्या कार्यालयात त्यासाठी बाद झालेले संगणक ठेवण्याची खोली मिळाली. तिला आतून कडी नव्हती. काढलेले दूध सर्वांच्या डब्यांच्या फ्रिजमध्ये, वर चिठ्ठी चिकटवून ठेवावे लागे.

50 किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आले पाहिजे, हेही त्याच दुरुस्तीत आहे. आमच्याकडे ती सोय बाणेरमधील एका पाळणाघराशी करार करून झाली. हिंजवडीहून बाणेरला दिवसातून चार वेळा जाऊन येणारी आई कोणाच्या पाहण्यात असेल तर तिचा सत्कार करू.

रजा सहाव्या महिन्याच्या आगेमागे संपते, आणि नर्सरीत प्रवेश मिळण्यासाठी 31 डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण असावी लागतात. मधल्या अडीच वर्षांना ना सरकार वाली आहे, ना कंपनी. याच काळात बाळ खिमटावरून वरणभातावर येते, रांगते, पडते आणि पाळणाघरातून दर पंधरवड्याला सर्दी घेऊन येते. ताप असलेले मूल पाळणाघर घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी रजा कोणाची जाते? आम्ही अर्जावर पहिला क्रमांक वडिलांचा दिला होता. तरी फोन मलाच येत असे.

जुना पुणेकर

आपण माझे अर्धेच लेखन वाचलेले दिसते. माझा आक्षेप नोकरीला नाही, सततच्या कुरकुरीला आहे. माझी आई खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होती. तेव्हा रजा 12 आठवड्यांची असे. आम्ही तीन भावंडे कसबा पेठेतील वाड्यात वाढलो, आई पहाटे उठून स्वयंपाक करून सायकलने कामावर जात असे, आणि तिच्या तोंडून ‘मी थकले’ असा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीने कोणाकडे रजेचा अर्ज केला नव्हता.

मुळाकाठची

आपण हिरकणीचे नाव काढले ते बरेच झाले. दूध विकायला गडावर गेलेली ती कष्टकरी आई होती, आणि गडाचे दरवाजे वेळेवर बंद झाले म्हणून तिला जीव धोक्यात घालावा लागला. आख्यायिकेत पुढे असे आहे की, जेथून ती उतरली ती वाट बंद करून तेथे बुरूज बांधण्यात आला आणि त्याला तिचे नाव देण्यात आले. म्हणजे पहिल्या आईचा गौरव झाला आणि दुसऱ्या आईचा उतरण्याचा मार्गही गेला. एसटी स्थानकांवर आता हिरकणी कक्ष आहेत. त्यांतील निम्म्यांना कुलूप नसते तर मी अधिक कौतुक केले असते.

आपल्या मातोश्री कामावर असताना तुम्हा तिघांना कोण पाहत होते, एवढे मात्र सांगावे.

हिशेबनीस

भोसरीत माझा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे शिव्या खाण्याची तयारी ठेवून लिहितो. रजेचा कायदा करताना सरकारने औदार्य दाखवले आणि बिल माझ्या टेबलावर ठेवले. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक महिलेचा रजेतील लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. त्याहून अधिक पगार असेल तर 26 आठवड्यांचा पूर्ण पगार मालक देतो आणि त्या जागी घेतलेल्या बदलीच्या माणसाचाही पगार मालकच देतो. माझ्याकडची लेखापाल रजेवर गेली तेव्हा ते वर्ष मला कसे गेले ते मलाच माहीत. मातृत्व संरक्षणाच्या 2000 सालच्या आंतरराष्ट्रीय करारात, हा खर्च एकट्या मालकाने सोसू नये, तो विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावा, असेच तत्त्व आहे. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही. परिणाम स्पष्ट आहे. नुकतेच लग्न झालेली मुलगी मुलाखतीला आली की माझ्यासारखा माणूस दोनदा विचार करतो. हे चांगले नाही, पण खोटे बोलण्यात अर्थ नाही.

अळीवाचा लाडू

दोनदा विचार करता हे इतक्या निर्लज्जपणे लिहिता येते, याचेच आश्चर्य वाटते. मला मुलाखतीत ‘पुढचे नियोजन काय’ असे विचारले होते आणि शेजारच्या खुर्चीवरील, त्याच महिन्यात बाप झालेल्या उमेदवाराला केवळ अनुभव विचारला होता.

मुळाकाठचींशी मी सहमत आहे, परंतु त्यांनी खरी अडचण टाळली. पुण्यात ही अडीच वर्षे भरून काढते ती आजी. ज्यांच्याकडे आजी आहे त्यांची नोकरी टिकते, नसेल तर टिकत नाही. आमच्या सोसायटीत सासू-सासरे धडधाकट असून, ‘आम्ही आमची मुले वाढवली, आता तुमचे तुम्ही पाहा’ असे सुनावतात आणि रविवारी मात्र नातवाबरोबर छायाचित्र काढायला येतात.

पेठेतील आजी

मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत शिकवले. माझी दोन्ही मुले माझ्या सासूबाईंनी सांभाळली, आणि त्याच्या मोबदल्यात मी त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. निवृत्तीनंतर सहा महिने अमेरिकेत मुलाकडे बाळंतपणाला गेले, परत येऊन बॅग उघडते तोच कोथरूडच्या लेकीचे बाळंतपण आले. मालिश, शेक-धुरी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणे, सर्व केले. आता गुडघे साथ देत नाहीत, आणि मला भजनाला जायचे आहे, मैत्रिणींबरोबर सहलीला जायचे आहे. हे ऐकून लेक रुसली. कायद्याने आईला 26 आठवडे दिले, तर आजीला किती दिले, हे या धाग्यावरील विद्वानांनी सांगावे. छायाचित्राचा टोमणा मला लागला. लिहिणारीला कधीतरी नातवंडे होतील, तेव्हा आपण बोलू.

अळीवाचा लाडू

आजी, आपल्याविषयी आदर आहे, परंतु दुसरी बाजूही ऐकावी. माझ्या सासूबाईंनी बाळ सांभाळले, आणि त्याचबरोबर घराचा कारभारही सांभाळला. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातील जंतूंमुळे बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, असे डॉक्टरांनी त्यांच्या समोर सांगितले. तरी मी कार्यालयात गेले की चाटण सुरू. घास भरवायचा तो मोबाइल समोर ठेवून. एक अक्षर बोलले तर ‘मग ठेव पाळणाघरात’ हे उत्तर तयार असे. पैसे देऊन ठेवलेल्या बाईला सूचना देता येते, फुकटात सांभाळणाऱ्या माणसाला देता येत नाही. शेवटी दोन वर्षांच्या मुलाला घेऊन मी नोकरी सोडली, आणि सर्वांनी मला त्यागी म्हटले.

पेठेतील आजी

मध मीही चाटवला होता आणि माझी मुले जिवंत आहेत. तथापि डॉक्टर सांगत असतील तर ऐकावे, एवढे मान्य. मोबाइलचे मात्र मुळीच ऐकून घेणार नाही. तो आमच्या हाती तुम्हीच दिलात. लेक स्वतः जेवताना तेच करते.

सिंहगड रस्त्यावरची ताई

मी पाळणाघर चालवते, म्हणून नाइलाजाने मध्ये पडते. येथे सर्वजण पाळणाघर म्हणजे भिंतीतून आपोआप उगवणारी सोय असल्यासारखे लिहीत आहेत. एक वर्षाखालील तीन बाळांमागे एक मावशी ठेवली तरच शी-शू, दूध, झोप नीट होते. तसे करायचे तर जागेचे भाडे, मावश्यांचे पगार आणि वीज धरून जो आकडा येतो तो ऐकून पालक म्हणतात, ‘ताई, एवढ्यात तर बाई घरी येईल.’ मग सहा बाळांमागे एक मावशी ठेवणारे पाळणाघर त्यांना परवडते, आणि पुढे कॅमेरा लावा म्हणून तेच भांडतात. सायंकाळी सातनंतर उशिराचे पैसे घेते म्हणून मला लोभी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ते पैसे मी थांबलेल्या मावशीला देते.

त्या मावशीलाही दीड वर्षाची मुलगी आहे. ती धायरीत शेजारणीकडे असते. तिला 26 आठवडे मिळाले नाहीत. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे 5,000 रुपये तेवढे हप्त्यांनी मिळाले. अंगणवाडी 1975 पासून आहे, तरी तीन वर्षांखालील बाळाला तेथून घरी नेण्याचा शिधा मिळतो, दिवसभर राहायला जागा मिळत नाही. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची योजना कागदावर आहे, आमच्या भागात मी अजून एकही पाहिलेले नाही. तुमच्या बाळाला चमच्याने नाचणीचे सत्त्व भरवणारी बाई स्वतःचे मूल कोणाच्या ओसरीवर ठेवून आली आहे, हे प्रवेश घेताना आजवर एकाही पालकाने मला विचारलेले नाही.

रात्रपाळीचा बाबा

येथे बाप कोठे आहेत, असे कोणी विचारण्याआधीच हजेरी लावतो. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना 15 दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, मालकाची मर्जी. चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी मी अर्धा दिवस मागितला, तेव्हा साहेबांनी विचारले, ‘मिसेस कुठे गेल्या आहेत?’ मी हसून वेळ मारून नेली. पाळणाघराचा फोन मला येत नाही याची तक्रार मी कधी केली नाही, कारण खरे सांगायचे तर ते सोयीचे होते.

मुळाकाठची

या सोयीवरच तर सगळे उभे आहे. जुना पुणेकर, माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

जुना पुणेकर

वाड्यात समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकू आम्हाला पाहत. शाळेतून आलो की त्यांच्याकडेच जेवत असू. धाकट्या बहिणीला तर त्यांनी मांडीवर वाढवले. म्हणून आईचे कष्ट कमी होतात असे मी मानत नाही. आणि त्या काळी शेजारधर्म होता, त्याचे पैसे मोजण्याची पद्धत नव्हती.

मुळाकाठची

आईचे कष्ट कमी होतात, असे मी कोठेही म्हटलेले नाही. परंतु ‘तिने एकटीने केले’ हे आता म्हणता येणार नाही. त्या काकूंना सणाला साडी तरी मिळत होती का?

जुना पुणेकर

दिवाळीला मिळत असे. एवढ्यावरून आपण जिंकलात असे समजावयाचे असेल तर खुशाल समजा. ‘मूल होऊ देण्यापूर्वी विचार करावा’ हे वाक्य मी मागे घेतो. उरलेले लेखन जसेच्या तसे ठेवतो.

हिशेबनीस

मला निर्लज्ज म्हणण्यात आले, त्याबद्दल आभारी आहे. सर्व मालकांकडून ठरावीक वर्गणी घेऊन रजेचा पगार एका निधीतून दिला, तर माझ्याकडे स्त्री आहे की पुरुष याने खर्चात फरक पडणार नाही. तशी वर्गणी मी आज भरायला तयार आहे. त्याच निधीतून वडिलांनाही सक्तीची रजा मिळावी, म्हणजे मुलाखतीत दोघांविषयी सारखीच धास्ती वाटेल. तोपर्यंत ‘पुढचे नियोजन’ हा प्रश्न मी विचारणार नाही. मनात येईल, ते मात्र थांबवता येत नाही.

पेठेतील आजी

लेकीला हा धागा वाचून दाखवला. मंगळवार आणि गुरुवार, दहा ते एक, एवढे मी करीन असे तिला कळवले आहे. बाकीच्या दिवसांसाठी जावयांनी त्यांच्या साहेबांशी बोलावे. सिंहगड रस्त्यावरच्या ताईंनी आपल्याकडील दर मला खासगी संदेशाने कळवावेत, आणि सहा बाळांमागे एक मावशी असलेला नव्हे, तीन बाळांवाला.