मदत हवी आहे: अ‍ॅनाग्रॅमला मराठीत काय म्हणावं? आणि ‘राम’चा ‘मार’ चालेल का?

नमस्कार मंडळी,

सहावीच्या मुलांसाठी शब्दकोडी तयार करते आहे. एका शब्दाची अक्षरं तीच ठेवायची, क्रम बदलून दुसरा शब्द करायचा. गरज–गजर, कमल–कलम, मगर–गरम. मुलं तासभर हलत नाहीत.

अडलंय ते नावापाशी. अ‍ॅनाग्रॅम हा शब्द मूळचा ग्रीक. ‘अना’ म्हणजे मागे, पुन्हा. ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेलं अक्षर. टेलिग्राममधला ‘ग्राम’ही तोच. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या लायकोफ्रॉन या कवीने टॉलेमी राजाच्या ‘प्टोलेमाइओस’ या नावातून ‘आपो मेलितोस’, म्हणजे ‘मधापासून’, असे शब्द काढले होते म्हणतात. हे सगळं मुलांना सांगायचंय, पण खेळाचं नाव मराठी हवं. सहकारी ‘वर्णविपर्यय’ सुचवतात. तो बरोबर आहे का?

दुसरी शंका जास्त छळते आहे. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत ‘मरा’चा ‘राम’ होतो, ते सरळ आहे. पण एका मुलीने ‘राम’चा ‘मार’ केला. तिला गुण द्यावेत का?

प्रतिसाद:

ताई, ‘वर्णविपर्यय’ नको. तो व्याकरणातला शब्द आहे आणि त्याचं काम वेगळं आहे. ‘सिंहो वर्णविपर्ययात्’ असं जुनं वचन आहे: ‘हिंस्’मधल्या ह आणि स यांनी जागा बदलल्या आणि सिंह झाला. बोलताना ‘नुकसान’चं ‘नुसकान’, ‘मतलब’चं ‘मतबल’ होतं, तोही वर्णविपर्ययच. तिथे अर्थ तोच राहतो. तुमच्या खेळात तो बदलायलाच हवा. मी ‘अक्षरपालट’ म्हणेन, मुलांना लगेच कळेल.

‘मरा’चा ‘राम’ होताना ‘रा’ कान्यासकट आख्खा हलतो. ‘मार’मध्ये काना र सोडून म ला जाऊन बसतो. ‘काम’चा ‘मका’ मात्र चालेल, तिथे ‘का’ आख्खाच हलतो. मराठीत अक्षर म्हणजे त्याची मात्रा, वेलांटी धरूनच, म्हणून सहावीसाठी आख्खी अक्षरंच हलवा. नाहीतर ‘किती’सारख्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होईल.

धागाकर्ती:

मनापासून आभार. ‘अक्षरपालट’ नक्की केलं. पण नियम मी आधी सांगितला नव्हता आणि तिने काना सुटा करून पाहिला, म्हणून तिचे गुण देते. सोमवारी फळ्यावर ‘मरा’, ‘राम’, ‘मार’ तिन्ही लिहून फरक मुलांनाच शोधायला लावेन.