शब्दचर्चा: 'प्रोव्हायडेड' म्हणजे कोणी पुरवलेलं?

जावाचे प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेवनच्या पॉम फाइलमध्ये डिपेंडन्सीला, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररीला, 'प्रोव्हायडेड' स्कोप (ती कधी-कुठे लागेल याची खूण) देतात. मी अर्थ घेतला 'पुरवलेली', म्हणजे मेवन ती जार (लायब्ररीची फाइल) वॉरमध्ये (सर्व्हरवर टाकायच्या वेब अ‍ॅपच्या गठ्ठ्यात) घालून देणार. काल जेएसटीएलला (जेएसपी पानांसाठीच्या तयार टॅगची लायब्ररी) तोच स्कोप दिला, वॉर टॉमकॅट सर्व्हरवर टाकली आणि एकही जेएसपी पान उघडेना. 'अ‍ॅब्सोल्यूट यूआरआय कॅनॉट बी रिझॉल्व्ड' म्हणून ओरडतोय. याला मराठीत नेमकं काय म्हणावं?

—

अर्थ बरोबर आहे, कर्ता चुकला. पुरवणारा सर्व्हर. लग्नाचा आचारी ठरवताना 'भांडी पार्टीची' असं बोलणं होतं ना, तसं. जार कंपाइलपुरती घ्यायची, वॉरमध्ये भरायची नाही. टॉमकॅटच्या घरी सर्व्हलेट (वेब विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) आणि जेएसपीची एपीआय असते, जेएसटीएल नसते. ती आपण वॉरमधल्या वेब-इन्फच्या लिब फोल्डरमधून न्यायची. वाइल्डफ्लाय या दुसऱ्या सर्व्हरकडे ती असते, म्हणून शेजारच्या टीमचं त्याच पॉमवर चालून जातं. मी 'परभारे' सुचवेन.

—

'परभारे'त मधल्याला वगळल्याची छटा आहे, 'परभारे पैसे देऊन टाकले' म्हणतो तशी. इथे सगळं आधी ठरलेलं असतं. तुमच्याच आचाऱ्यावरून 'यजमानाकडची' म्हणा की!

—

लगे हात जावाच्या एररची एक जोडीही घ्या. 'क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन' म्हणजे बेपत्ता: चालू प्रोग्रॅमने नाव घेऊन शोधला, मिळाला नाही. 'नो क्लास डेफ फाउंड एरर' म्हणजे गहाळ: कंपाइल करताना होता, चालवताना नाही. 'गहाळ' मात्र दरवेळी लागू पडत नाही. क्लासचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा वापरताना चालणारा कोड) एकदा फसला, की जार जागेवर असूनही पुढच्या वेळी हीच एरर येते. तिथे 'कुड नॉट इनिशियलाइज क्लास' हे शब्द दिसले तर लिब उपसत बसू नका. लॉगमध्ये वर सरका, पहिली एरर वाचा.

—

मूळ प्रश्न माझा. स्कोप काढला, जेएसटीएल १.२ वॉरमध्ये गेली. आता 'नो क्लास डेफ फाउंड', पुढे 'जावाएक्स/सर्व्हलेट/जेएसपी/टॅगएक्स्ट/टॅगलायब्ररीव्हॅलिडेटर'. हे तर यजमानाकडचंच सामान ना?

—

टॉमकॅट १० आहे का? मग यजमानाने आडनाव बदललंय. जावा ईई (सर्व्हलेट, जेएसपी ज्यात येतात ते जावाचं मानक) ओरॅकलकडून इक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, पण 'जावाएक्स' नावाखाली बदल करायची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये (जकार्ता ईई हे त्याचंच नवं नाव) 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट'चं 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' झालं. तुमची जेएसटीएल जुन्या आडनावाने हाका मारतेय. जुनी सर्व्हलेट जार कुठून आणून लिबमध्ये कोंबू नका, हा उपाय हमखास कोणीतरी सांगतं. जेएसटीएल २.० घ्या, आणि तुमच्या कोडमधले इम्पोर्टही बदला.

—

बदलले. पान उघडलं. पॉममध्ये वर कॉमेंट टाकली: 'ही यजमानाकडे नसते, आपली न्यायची.'