पहिलाच द्राक्षांचा कंटेनर, रॉटरडॅमहून ३० टक्क्यांचा क्लेम. आता काय करू?

वेलीवरचा:
नमस्कार मंडळी. चार वर्षं दुसऱ्या निर्यातदाराला माल देत होतो, यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर कंटेनर काढला. हिरवी, बिनबियांची द्राक्षं, वीस पॅलेट (खोकी रचलेले लाकडी पाट), ४० फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर. प्रवास २२ दिवसांचा सांगितला होता, लागले २९.

माल हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, ग्राहकाचा मेल आला: कूज आहे, मण्यांवर पांढरे डाग आहेत, देठ तपकिरी झालेत, ३० टक्के कमी करा, नाहीतर तुमच्या हिशोबावर मिळेल त्या भावाने विकतो. सोबत सात फोटो. सातही बहुतेक दोन-तीन खोक्यांचेच असावेत, कारण मागे तोच निळा टेबल दिसतोय.

सौदा सीआयएफ, म्हणजे तिकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा माझ्याकडे. ४० टक्के आगाऊ मिळालेत, बाकी माल पोचल्यावर १५ दिवसांत. विमा काढलाय. फायटो (कीडरोग नसल्याचा दाखला) आणि रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाची तपासणी) ठीक होते, तिकडे तपासणीत काही अडलं नाही.

भाऊ म्हणतो देऊन टाक, पुढच्या हंगामाला ग्राहक लागेल. माझं मन घेत नाही. पॅकिंगला मी स्वतः उभा होतो. पण खरंच आपलाच माल खराब निघाला असेल तर? हेही डोक्यातून जात नाही. आज उत्तर काय पाठवू?

एलसीवाला:
एलसीशिवाय, म्हणजे ग्राहकाच्या बँकेच्या पैशांच्या लेखी हमीशिवाय, माल सोडलात तिथंच चुकलं. एलसीत बँक फक्त कागद बघते, माल बघत नाही. कागद अटींप्रमाणे असले की पैसे सुटतात. उधारीवर माल पाठवलात की भाव ग्राहक ठरवणार, मेलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

पॅकहाऊसवाली:
एलसीवाले दादा, म्हणणं बरोबर आहे, पण ताज्या फळाला एलसी उघडून देणारा ग्राहक मला अकरा हंगामांत दोनदाच भेटला. आणि माल तिकडे पोचल्यावर हे सांगून त्यांना उपयोग काय?

वेलीवरचे दादा, आज हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. दोन ओळींचा मेल टाका: क्लेम मिळाला, मान्य केलेला नाही, उद्या स्वतंत्र सर्व्हेअर येईल, तोपर्यंत खराब म्हणताय ते पॅलेट बाजूला ठेवा, नंबर कळवा. बंदरावर फळं तपासणारे सर्व्हेअर असतात, फोन केला की बहुधा दुसऱ्या दिवशी येतात. त्यांची फी ३० टक्क्यांपुढे काहीच नाही. आणि चांगले पॅलेट विकू नका असं चुकूनही लिहू नका. द्राक्ष म्हणजे लोखंड नव्हे, वादात आठवडा गेला तर खरोखरच ३० टक्के जातील.

दुसरं, हे आजच्या आज. नुकसान वरून दिसणारं नसेल तर जहाज कंपनीला लेखी नोटीस माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत जावी लागते. ती माल घेणाऱ्याने द्यायची असते, म्हणून ग्राहकाला तसं लिहून सांगा. मुदत चुकली म्हणून दावा मरत नाही, त्याला एक वर्ष असतं. पण माल चांगला पोचला असं धरून चालतात, आणि उलटं सिद्ध करत बसायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं.

आता फोटो. पांढरे डाग कुठे आहेत ते झूम करून बघा. देठाजवळ मण्याला गोल पांढरी कडी असेल तर ती कूज नाही. कूज रोखायला खोक्यात ठेवतो त्या गंधकाच्या पॅडमधून वायू जादा सुटला की तिथला रंग उडतो. पॅड ओलाव्याने काम करतं. फळ नीट थंड न करता पिशवी बंद केली की आत पाणी सुटतं, पॅड पहिल्या काही दिवसांतच सगळा वायू ओकून टाकतं. मग दोन्हीकडून मार बसतो: आधी मणी भाजतो, आणि शेवटच्या आठवड्यात, जेव्हा वायू खरा लागतो, तेव्हा पॅडात काही उरलेलं नसतं. तुमचा प्रवास तर सात दिवस लांबला.

खरी कूज ओळखायला सर्व्हेअरला अंगठ्याने मणी चोळून बघायला सांगा. साल सुटून सरकली आणि आतला गर तसाच राहिला तर बोट्रायटिस, म्हणजे बुरशीची कूज. ती एका मण्यापासून शेजारच्या मण्यात घरटं करत जाते. फोटोत घरटी दिसतात की सुटे मणी?

आणि मुख्य प्रश्न, जो तुम्ही लिहिलाच नाहीत: लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, ठेवला होता का? लोडिंगच्या वेळी गराचं तापमान किती होतं?

वेलीवरचा:
ताई, मनापासून आभार. मेल आणि नोटिशीचं दोन्ही पाठवलं. सर्व्हेअर उद्या दुपारी जातोय.

डाग देठाजवळच आहेत, गोल. घरटी एकाच फोटोत दिसतायत.

लॉगर दोन ठेवले होते, एक पुढे, एक दाराजवळच्या पॅलेटवर. तापमान विचारलंत आणि पोटात गोळा आला. पहिले चौदा पॅलेट उणे अर्ध्या अंशाला होते. शेवटचे सहा संध्याकाळी उशिरा पॅक झाले, ट्रेलर दारात उभा, जहाजाची कटऑफ, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी. ते साडेचार अंशाला चढवले. वाटलं, रीफर उणे अर्ध्यावरच लावलाय, वाटेत होतील थंड.

पॅकहाऊसवाली:
रीफर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करायला तो बनवलेलाच नाही. हवा खालून येते, पॅलेटमधून वर चढते आणि परत जाते. प्लास्टिकच्या पिशवीतल्या घडाला ती शिवतसुद्धा नाही. साडेचारवरून उतरायला कितीतरी दिवस जातात. माल कंटेनरच्या आतल्या तांबड्या रेषेच्या (रचायच्या कमाल उंचीच्या) वर रचला असेल तर विचारायलाच नको.

ते सहा पॅलेट दाराकडेच असणार. नंबर काढून ठेवा. जहाज कंपनीकडून रीफरच्या यंत्रातली नोंदही मागवा, आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेची. तुमच्या लॉगरशी ताडून बघता येईल.

बिल_ऑफ_लेडिंग:
थोडं कागदांचं बोलतो. विम्यावर फार भिस्त ठेवू नका. सीआयएफमध्ये विक्रेत्याने किमान विमा काढायचा असतो, तो कलम सी चा, म्हणजे सगळ्यात कमी संरक्षणाचा. रीफर बिघडला तरी त्यात बसत नाही. कलम ए चा, सगळ्यात व्यापक, घेतला असता तरी उशीर आणि मालाचा स्वतःचा नाशवंत गुण दोन्ही वगळलेले असतात. म्हणजे तुमचे सात दिवस विमा कंपनी मोजणारच नाही.

सीआयएफमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम ग्राहकाची. पण चढतानाच माल गरम होता हे दिसलं तर ते दुखणं तुमचंच राहतं. पुढच्या वेळी कंटेनरसाठी सीआयएफऐवजी सीआयपी ही अट घाला. इन्कोटर्म्स २०२० (व्यापाराच्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे त्यात विमा कलम ए चा असतो. शिवाय करारात तीन वाक्यं हवीतच: क्लेम माल मिळाल्यापासून २४ तासांत, फोटोत खोक्याचं लेबल दिसलं पाहिजे, आणि अमुक टक्क्यांवर गेला तर स्वतंत्र सर्व्हे.

वेलीवरचा:
नऊ दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

सर्व्हेअरने वीसच्या वीस पॅलेट उघडले. चौदा पॅलेटांत कूज जवळपास नाही, देठ थोडे वाळलेत, २९ दिवसांनंतर ते होणारच. उरलेल्या सहांत डाग भरपूर, आणि त्यातल्या दोघांत घरटी. दाराजवळच्या लॉगरचा आलेख बघवत नाही. अकरावा दिवस उजाडेपर्यंत तो शून्याखाली आलेलाच नाही. म्हणजे फोटोतला माल माझाच होता आणि ग्राहक खोटं बोलत नव्हता. फक्त सहा पॅलेटांचं दुखणं त्याने वीसांवर लावलं होतं.

अहवाल तसाच्या तसा त्याला पाठवला, लोडिंगच्या तापमानाचा तक्तासुद्धा. भाऊ म्हणाला, तक्ता कशाला देतोस, गळ्यात दोर बांधून घेतोयस. पण लॉगरचा आलेख त्याच्याकडे होताच, लपवून काय मिळणार होतं? दोन दिवस घासाघीस झाली. चौदा पॅलेट पूर्ण भावाने, चार २५ टक्के कमी करून, दोन त्याने विकून जे येतील ते. हिशोब केला तर एकूण कपात बारा टक्क्यांच्या आसपास बसतेय. बाकीचे पैसे काल जमा झाले.

दुसऱ्या कंटेनरचं बोलणं त्यानेच काढलंय. यावेळी माल आदल्या दिवशीच प्रीकूलिंगला (चढवण्याआधी थंड करायला) लावणार, आणि एक जरी पॅलेट गरम असेल तर ट्रेलर रिकामा गेला तरी चालेल असं पोरांना सांगून ठेवलंय. ताई, गरात खुपसायचा थर्मामीटर तुम्ही कुठला वापरता? माझा पोरगा म्हणतो खोक्यावर लाल ठिपका पाडणाराच बरा, पण मला तो सालीचंच तापमान सांगतो असं वाटतं.

पॅकहाऊसवाली:
बरोबर वाटतंय. तो ठिपका फक्त वरचं बघतो. सुईचाच घ्या, बारीक टोकाचा, आणि दर आठवड्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का बघा. पॅलेटच्या मधल्या खोक्यातला मणी टोचायचा, वरच्या थरातला नाही. टोचलेला मणी कात्रीने काढून टाकायचा, ते मात्र पोरं हमखास विसरतात.